फ्रान्सच्या किनाऱ्यावर आठवडाभर, एकाच घरात: सहकुटुंब सुट्टीची आखणी

फ्रान्स म्हटलं की आपल्याकडची यादी ठरलेली असते. दोन दिवस पॅरिस, एक दिवस डिस्नेलँड, आणि लगेच स्वित्झर्लंडची गाडी. ज्यांना ही धावपळ नको आहे, मुलांना वाळूत सोडून जरा निवांत बसायचं आहे, संध्याकाळी स्वतःच्या हातची खिचडी खायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख. पहिल्यांदाच जाणारे डोळ्यांसमोर आहेत, म्हणून महिना ठरवण्यापासून घराची किल्ली परत देईपर्यंत सगळं क्रमाने सांगते.

फ्रान्सच्या खेड्यातल्या सुट्टीचा सगळा खेळ वेळांचा आहे, हे आधीच मनाशी पक्कं करा. घरं शनिवार ते शनिवार मिळतात. जेवण बारा ते दोन मिळतं. आणि समुद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा भरतो. ही तीन घड्याळं सांभाळणाऱ्याला भाषा आली नाही तरी फारसं अडत नाही. न सांभाळणाऱ्याला मात्र रविवारी दुपारी उपाशी मुलं घेऊन बंद दुकानांच्या रस्त्यावरून फिरावं लागतं.

महिना कोणता?

फ्रान्समधल्या शाळांना जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत सुट्टी असते. एरवी तिथे विभागवार सुट्ट्या असतात, पण उन्हाळ्यात सगळा देश एकदमच किनाऱ्याकडे निघतो. त्यातही १४ जुलै ते १५ ऑगस्ट हा काळ सर्वांत गर्दीचा आणि महाग. जुलैतली मंडळी परत निघतात आणि ऑगस्टची मंडळी येतात, तो महिनाबदलाचा शनिवार तर रस्त्यावर काढूच नका. बिझों फ्युते नावाची सरकारी वाहतूक-सूचना सेवा दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे रंग देते. काळा म्हणजे घरी बसा.

आपल्याला इथे एक आयताच फायदा आहे. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत असते, आणि तेव्हा फ्रान्समधली मुलं अजून वर्गात असतात. घरं स्वस्त, किनारे मोकळे, आणि जूनमध्ये अगदी पश्चिम टोकाला सूर्य रात्री सव्वादहानंतर मावळतो. मे महिन्याच्या अखेरीपासून १४ जूनपर्यंतचे आठवडे मला सर्वांत आवडतात. तोटा एकच: पाणी थंड असतं. जूनमध्ये १५ अंशांच्या आसपास, आणि ऑगस्टमध्येही १८च्या पुढे फारसं जात नाही. मुलं पाच मिनिटांत रुळतात, आईबाबा घोट्याच्या वर जात नाहीत. मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या, शिवाय ईस्टरवर अवलंबून असलेल्या दोन सुट्ट्या येतात. त्या गुरुवार किंवा सोमवारला जोडून आल्या की तिथले लोकही चार दिवस बाहेर पडतात, एवढं कॅलेंडरात बघून घ्या.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जुलै-ऑगस्टशिवाय पर्याय नसतो. त्यांनी घर जानेवारीतच ठरवून टाकावं.

आणि हो, आठवडा निवडताना कालनिर्णय उघडा. पौर्णिमा-अमावास्या कधी आहे ते पाहा. का, ते पुढे समुद्राच्या भागात येईलच.

किनारा कोणता?

फ्रान्सचा किनारा एकसारखा नाही. पॅरिसहून जवळचा हवा असेल तर नॉर्मंडी, त्यातही पश्चिमेचा कोताँतँ द्वीपकल्प. लांबच लांब सपाट वाळू, सायकली आणि जरा उबदार हवा हवी असेल तर पश्चिम किनाऱ्यावरचा व्हाँदे जिल्हा आणि त्याच्या दक्षिणेचा भाग. आणखी खाली, नैऋत्येच्या लांद जिल्ह्याचा किनारा सुंदर आहे, पण तिथे लाटा आणि आत ओढणारे प्रवाह जबरदस्त. लहान मुलांसाठी मी सुचवणार नाही. भूमध्य समुद्राकाठी ऑगस्टमध्ये जायचं तर मे महिन्यातला नागपूरचा उन्हाळा काय वाईट होता, असं वाटेल.

माझी पसंती ब्रिटनीला, म्हणजे फ्रान्सच्या वायव्येकडच्या नाकाला. त्यातही फिनिस्तेर जिल्ह्यात, क्रोझों द्वीपकल्प आणि दुआर्ननेच्या आखाताच्या आसपास. खडक, छोट्या वाळूच्या खाड्या, मासेमारीची बंदरं, मध्ये शेतं आणि दगडी घरं. उन्हाळ्यात पारा बहुधा विशी-पंचविशीत राहतो. पाऊस येतो, जातो, पुन्हा येतो. पुढचं सगळं या भागाला धरून लिहिते. बाकी किनाऱ्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

घर शोधताना

खेड्यात हॉटेलं कमी आणि चार जणांच्या कुटुंबाला गैरसोयीची. तीन पर्याय चांगले. पहिला जीत: सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं अख्खं स्वतंत्र घर, स्वयंपाकघरासकट. ‘जीत द फ्रान्स’ ही संघटना १९५५पासून आहे आणि ती घरांना एक ते पाच गव्हाच्या लोंब्यांची श्रेणी देते. तीन लोंब्यांचं घर आपल्याला छान पुरतं. दुसरा शांब्र दोत: मालकाच्याच घरातल्या खोल्या, सकाळचा नाश्ता धरून. माणसं भेटतात, पण स्वयंपाक करता येत नाही, त्यामुळे शाकाहारी कुटुंबाने दोनच दिवस राहावं. तिसरा कॅम्पिंग. या शब्दाने घाबरू नका. तिथे मोबिल-होम नावाची दोन-तीन खोल्यांची तयार घरं मिळतात, जलतरण तलाव असतो आणि मुलांना लगेच सवंगडी मिळतात. मुलं सहा ते बारा वर्षांची असतील तर त्यांचं मत याच पर्यायाला पडेल.

घराच्या जाहिरातीत चार गोष्टी शोधायच्या. एक, चादरी आणि टॉवेल भाड्यात आहेत का. पुष्कळदा नसतात, वेगळे पैसे देऊन मागवावे लागतात. दोन, निघतानाची साफसफाई कोणाकडे. तुमच्याकडे असेल तर खरोखरच झाडून-पुसून, भांडी घासून द्यावं लागतं. तीन, अनामत किती आणि कशी. स्थानिक लोक चेक देतात, आपल्याकडे तो नसतो, म्हणून कार्ड किंवा रोख चालेल का हे आधीच लिहून विचारा. चार, शेगडी कसली आहे. हे चौथं कोणी सांगत नाही. बहुतेक घरांत इंडक्शन असतं आणि आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शनचा, तीन लिटरचा स्टीलचा न्या.

भाड्याखेरीज प्रौढ माणसामागे दर रात्री थोडा पर्यटन-कर द्यावा लागतो. अठरा वर्षांखालच्यांना तो माफ आहे.

किनाऱ्यापासून अंतराचा फार आग्रह धरू नका. समुद्रापासून पाच-सात किलोमीटर आत, पण बेकरी असलेल्या गावात घर मिळालं तर तेच घ्या. सकाळी चालत जाऊन पाव आणायचं काम मुलांवर सोपवता येतं. दोन दिवसांत बेकरीवाल्या बाई त्यांना ओळखू लागतात, आणि मुलं पाव घरी पोचेपर्यंत त्याचं टोक खाऊन टाकतात. तसं करायची तिथली रीतच आहे.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी व्हायलाच हवा. प्रत्यक्षात मे-जूनच्या प्रवासासाठी भेटीची वेळ मिळवणं हाच मोठा अडथळा असतो, त्यामुळे फेब्रुवारीत हालचाल करा. जून २०२४पासून शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, आणि सहाखालच्यांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

घरमालकाकडून तारखा, पत्ता आणि सगळ्यांची नावं असलेलं आरक्षणपत्र मागून घ्या. जीतच्या करारावर ते असतंच. मुलं एकाच पालकाबरोबर जात असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि जन्मदाखला जोडावा. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करायला सुरुवात झाली आहे. पहिल्या खेपेला रांगेत वेळ जाऊ शकतो, तेव्हा विमान उतरल्यावर तासाभरात सुटणारी रेल्वे पकडायचा बेत नको.

पोचायचं कसं, गाडी कुठून घ्यायची?

मुंबईहून रात्रभर प्रवास करून पॅरिसला उतरायचं आणि लगेच उजव्या हाताच्या रस्त्यावरून सहाशे किलोमीटर गाडी हाकायची, हा बेत घरात कोणी मांडला तर तिथल्या तिथे मोडून काढा. एक रात्र पॅरिसमध्ये झोपा. दुसऱ्या दिवशी माँपार्नास स्थानकावरून फिनिस्तेरमधल्या कँपेर किंवा ब्रेस्ट शहराची टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे घ्या. साडेतीन-चार तासांत किनारा. विमानतळावरून माँपार्नासला जायला आरईआर ‘बी’ या उपनगरी रेल्वेने दाँफेर-रोशेरो स्थानकापर्यंत आणि तिथून मेट्रो. बॅगा जास्त असतील तर सरळ टॅक्सी, विमानतळ ते पॅरिस तिचे दर ठरलेले असतात. रेल्वेची तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त, आणि प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे.

गाडी कँपेर किंवा ब्रेस्टच्या स्थानकाजवळून घ्या. ब्रिटनीत टोलचे रस्ते नाहीत, हा एक सुखद धक्का. तिथली गाडी-भाड्याची कार्यालयं दुपारी जेवायला बंद होतात आणि रविवारी बऱ्याच ठिकाणी उघडतच नाहीत. गाडीची वेळ जुळेल अशीच रेल्वे निवडा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षणात स्पष्ट मागा, नाहीतर गिअरची मिळेल, आणि गिअर उजव्या हाताला असेल. परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो वर्षभर चालतो. चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आणि दहा वर्षांखालच्या मुलासाठी त्याच्या उंची-वजनाला साजेशी सीट सक्तीची आहे.

रस्त्यावरचा सर्वांत फसवा नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणं. गावात चौकात काहीच पाटी नसेल, तर उजवीकडच्या बारीकशा बोळातून आलेल्या ट्रॅक्टरचाही हक्क आधी. पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभी केलेली पाटी दिसली की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, निश्चिंत राहा. लाल काठाच्या पाटीवर गावाचं नाव दिसलं की तिथून वेग ५०. नावावर तिरकी रेघ असलेली पाटी आली की गाव संपलं. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर साधारण ८०. पेट्रोल सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त मिळतं, पण यंत्र आधी कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतं आणि काही फॉरेक्स कार्डं तिथे चालत नाहीत, म्हणून दोन कार्डं जवळ असू द्या. डिझेलला तिथे ‘गाझोल’ म्हणतात. पेट्रोलच्या गाडीत गाझोल भरलं की सुट्टीचे दोन दिवस गॅरेजमध्ये.

गाडीशिवाय? ब्रेझगो या प्रादेशिक बसनी क्रोझोंपर्यंत पोचता येतं. फक्त पुढच्या वाड्यावस्त्यांत आणि छोट्या किनाऱ्यांवर हात बांधल्यासारखं होतं. इंग्लंडहून येणाऱ्यांना प्लिमथ ते रोस्कॉफ फेरी आहे. स्वतःची गाडी घेऊन उतरायचं. मात्र भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये कितीही वर्षं राहत असलात तरी शेंगेन व्हिसा लागणारच.

बॅगेत काय, आणि काय नाही

युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही जवळजवळ सगळ्या बंद, त्यामुळे मे महिन्यातली हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी, दोन्ही नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे. कोरडे मसाले, हिंग, पोहे, भाजणी, मेतकूट, चकल्या बिनघोर न्या.

कपड्यांत एक पातळ रेनकोट आणि एक स्वेटर प्रत्येकाला, जुलै असला तरी. वाळूत घालायचे रबरी बूट. आणि मुलग्यांसाठी अंगाला घट्ट बसणारी पोहायची चड्डी: तिथल्या तलावांत, कॅम्पिंगच्या तलावांतसुद्धा, सैल बर्म्युडा किंवा टी-शर्ट घालून उतरू देत नाहीत. पुष्कळ ठिकाणी डोक्याला टोपीही लागते. समुद्रावर मात्र काहीही घाला, कोणी बघत नाही. आपल्या तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागेल. मोबाइलचे दोन बारीक पिनांचे चार्जर तसेच चालतात.

पहिला शनिवार

हा दिवस मिनिटामिनिटाने आखावा, कारण आठवड्याची घडी इथेच बसते. घर चार किंवा पाच वाजता ताब्यात मिळतं, त्याआधी नाही. सुपरमार्केट साडेसात-आठला बंद होतं. दुसऱ्या दिवशी रविवार: मोठी दुकानं फार तर सकाळी उघडी, दुपारी सगळं ठप्प. सोमवारीही गावातली अर्धी दुकानं बंद. म्हणून स्थानकावरून घराकडे जातानाच वाटेतल्या सुपरमार्केटला थांबा. ल्क्लेर्क, अँतेरमार्शे, सुपर यू यांपैकी एखादं हमखास लागतं. ल्क्लेर्कची सुरुवात १९४९मध्ये इथल्याच लांदेर्नोत झाली, एवढी माहिती मुलांना सांगून टाका आणि ट्रॉली त्यांच्या हाती द्या.

काय घ्यायचं? ‘लांतीय कोराय’ म्हणजे आपली मसूर डाळ. ‘स्मूल फिन’ म्हणजे बारीक रवा. नुसतं ‘स्मूल’ लिहिलेलं बहुधा कुसकुस असतं, त्याचा उपमा होत नाही. बासमती सगळीकडे मिळतो. कांदे, बटाटे, टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर मिळते. हिरवी मिरची मिळाली तर नशीब, म्हणून लाल तिखट जवळ असावं. दही भरपूर आणि उत्तम. साधं लोणी घेतलंत तरी ते बहुधा खारवलेलं निघेल, इथे तेच साधं. पॅकेटवर ‘जेलातिन’ दिसलं की ती बहुतेक वेळा डुकराची असते. मुलांच्या गोळ्यांत आणि काही पुडिंगांत हटकून सापडते. चीजमध्ये ‘प्रेझ्यूर’ लिहिलेलं असेल तर ते वासराच्या जठरातलं विरजण. कट्टर शाकाहारी असाल तर हे दोन शब्द कागदावर लिहून ठेवा.

घरी पोचलात की मालक किंवा मालकीण घर दाखवतील आणि एक यादी पुढे करतील: चमचे किती, बश्या किती, कुठे ओरखडा आहे. ती यादी न वाचता सही करू नका. शेगडी कशी चालू होते, कचऱ्याचा पिवळा डबा कशाला, काच कुठे टाकायची, हे तेव्हाच विचारून घ्या. आणि कुठेही गेलात तरी तोंडातून पहिला शब्द ‘बोंझूर’ निघाला पाहिजे. दुकानात शिरल्याबरोबर थेट ‘दूध कुठे आहे’ असं विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. बोंझूर म्हणून मग मोडक्या इंग्रजीत विचारलंत तरी माणूस आतून दूध आणून देतो.

बाहेर जेवायचं तर

दुपारी बारा ते दोन, रात्री सात ते नऊ. दोन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. मुंबईच्या सवयीने तीनला भूक लागत असेल तर डबा बरोबर ठेवा.

ब्रिटनीत शाकाहारी माणसाचं भलं होतं ते क्रेपरीमुळे, म्हणजे तिथल्या घावन-धिरड्यांच्या खाणावळींमुळे. इथली गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं, कुरकुरीत घावन. आत अंडं, चीज, मश्रूम, कांदा, पालक, काय हवं ते. ‘कोंप्लेत’ मागितली तर त्यात हॅम येतो, म्हणून ‘सां जांबों’ असं सांगायचं. ‘सां व्हियाँद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासेही नकोत, हे वाक्य पाठ करा, कारण शाकाहारी म्हटल्यावर काही आजी मोठ्या प्रेमाने मासा आणून ठेवतात. पारंपरिक पद्धतीत तवा डुकराच्या चरबीने पुसतात. आता बरेच जण तेल वापरतात, पण विचारून घेण्यात काही गैर नाही. गालेतबरोबर ‘ले रिबो’ मागवा. ते ताक आहे, खरंखुरं घुसळलेलं, मातीच्या वाडग्यात येतं. आपल्याकडचे आजोबा ते पाहून प्रसन्न होतात. मोठी माणसं त्याच वाडग्यातून सफरचंदाची सायडर पितात, तिच्यात मद्यार्क असतो, मुलांना देऊ नका. गोडाला साधं क्रेप, किंवा दुआर्ननेचा कुईन्यामान: लोणी आणि साखरेच्या थरांचा केक. एक चौघांत पुरतो. पाणी विकत घेऊ नका, ‘ऊन काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट आणून देतात. टिप बिलातच असते.

मासे खाणाऱ्यांची तर चंगळ. दुआर्नने हे तारलीचं गाव. एकेकाळी इथे डबाबंद तारलीच्या कारखान्यांवर सगळं गाव चालायचं आणि डबे आजही बनतात. बांगडा स्वस्त असतो, घरी आणून रवा लावून तळा, फक्त खिडक्या उघड्या ठेवा. ल गिल्व्हिनेक बंदरात आठवड्याच्या दिवशी दुपारी साडेचार-पाचच्या सुमाराला ट्रॉलर परततात. धक्क्याच्या वरच्या गच्चीवरून मासळी उतरताना पाहता येते. रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींना तिथून हलवणं अवघड जातं.

आठवडी बाजार सकाळी आठ ते एक. वार आणि गाव यांची यादी पर्यटन कार्यालयात मिळते. रोख सुटे पैसे न्या.

समुद्राचं घड्याळ

आता कालनिर्णयाकडे येऊ. मुंबईत साडेचार मीटरची भरती आली की बातमी होते. ब्रेस्टला मोठ्या भरतीचं पाणी सात मीटरच्या वर जातं आणि ब्रिटनीच्याच उत्तर किनाऱ्यावरच्या सँ-मालोला बारा मीटरच्याही. म्हणजे सकाळी जिथे होड्या तरंगत होत्या तिथे दुपारी चिखल, आणि दुपारी मुलांनी किल्ला बांधला ती वाळू संध्याकाळी तीन पुरुष खोल पाण्याखाली.

भरती-ओहोटीची छोटी पुस्तिका बेकरीत, तंबाखूच्या दुकानात किंवा पर्यटन कार्यालयात मिळते. तिच्यात रोजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि ‘कोएफिसियाँ’ नावाचा आकडा असतो: २० ते १२०. ७० म्हणजे मध्यम. ४५च्या खाली म्हणजे भांगाची भरती, पाणी फार हलत नाही. ९५च्या वर म्हणजे उधाण. अमावास्या-पौर्णिमेनंतर साधारण दीड दिवसाने आकडा चढतो. काही तक्त्यांत उन्हाळी वेळेचा तास मिळवलेला नसतो, पहिल्या पानावर तपासून घ्या.

या किनाऱ्याची एक सोय अशी, की उधाणाच्या दिवसांत ओहोटी दुपारी बारा ते दोनच्या आसपास येते. म्हणजे मुलांना घेऊन खडकांत उतरायला भर दिवसाची वेळ. बादली, छोटी जाळी, रबरी बूट. खळग्यांत खेकडे, कोलंबी, समुद्री फुलं. वाळूत शिंपल्या आणि तिसऱ्या. गोळा करून घरी शिजवायची परवानगी असते, पण किती आणि केवढ्या आकाराच्या याला मर्यादा आहे आणि काही जागा दूषित म्हणून बंद असतात. किनाऱ्यावरची पाटी किंवा गावच्या ‘मेरी’तला, म्हणजे ग्रामपंचायत कार्यालयातला फलक पाहायचा. उलटवलेला दगड पुन्हा पालथा ठेवायचा. तिथले म्हातारे यावरून ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात.

ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं चढतं, आणि सपाट वाळूवर ते मागून वळसा घालून येतं. व्हाँदेकडे गेलात तर नुआरमुतिए बेटाला जाणारा पासाज द्यु ग्वा हा चार किलोमीटरहून लांब रस्ता भरतीला पूर्ण बुडतो. मध्ये अडकलेल्यांना चढून बसायला खांब उभे केले आहेत, यावरून काय ते समजा.

पोहायला लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल म्हणजे उतरायचं नाही, जांभळा म्हणजे पाणी दूषित. जीवरक्षक बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच असतात. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी मुलांवर स्वतःच नजर ठेवायची. क्रोझोंमध्ये मोर्गाचा किनारा आडोशाचा, लहानांसाठी सर्वांत चांगला. ला पाल्यू आणि लोस्मार्क दिसायला अप्रतिम आहेत, पण प्रवाहांमुळे तिथे पोहायला बंदी आहे. फोटो काढा आणि परत या.

आणखी दोन धोके. आखातांत कधी हिरवं शेवाळ ढिगांनी येऊन कुजतं. वरून पांढरी पापडी आणि खालून सडक्या अंड्यांचा वास. तो वायू विषारी असतो, ढिगावर पाऊल ठेवू नका. दुसरा, वाळूत पुरून बसणारा व्हीव नावाचा काटेरी छोटा मासा. काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा. बुटांचा आग्रह त्यासाठीच. समुद्रात कोणी अडकलं तर १९६, बाकी सगळ्यासाठी ११२. किरकोळ दुखण्याला हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान. तिथले फार्मासिस्ट बारकाईने सल्ला देतात.

पाऊस पडला तर

पडणारच. ब्रेस्टचं ओशिआनोपोलिस मत्स्यालय त्यासाठीच असावं अशी गर्दी तिथे पावसात होते, म्हणून सकाळी उघडताच पोचा. क्रोझों द्वीपकल्पावरच्या कामारेच्या बंदरात खड्यांच्या लांब पट्टीवर जुन्या लाकडी मच्छीमार होड्यांचे सांगाडे पडले आहेत आणि टोकाला वोबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने बांधलेला लाल रंगाचा बुरूज आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. तोफा समुद्राकडे रोखलेल्या, पाणी पायाशी. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग पाहिलेल्या मुलांना तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. जुलै २०२५मध्ये पॅरिसला झालेल्या युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात आले, त्याच अधिवेशनात ब्रिटनीतले कार्नाकचे उभे दगडही आले. तीन हजारांहून अधिक दगड रांगांनी उभे आहेत. कार्नाक क्रोझोंहून दोन तासांच्या वर आहे, त्यामुळे दिवसाची सहल होते. उन्हाळ्यात रांगांच्या आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात.

त्याच वाटेवर लोरिआँजवळ पोर-लुईच्या किल्ल्यात फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं संग्रहालय आहे. ही कंपनी १६६४ची, आणि चार वर्षांत तिने सुरतेला वखार घातली. भारतातून गेलेली कापडं तिथे काचेआड पाहायला मिळतात. लोरिआँला ऑगस्टमध्ये केल्टिक संगीताचा मोठा उत्सव असतो. त्या दिवसांत आसपास खोली मिळत नाही.

‘फेस्त-नोज’ असं लिहिलेला कागद बेकरीच्या दारावर दिसला तर त्या रात्री जाच. गावच्या सभागृहात किंवा मैदानात लोक एकमेकांच्या करंगळ्या गुंफून लांब साखळी करून नाचतात, आजीपासून नातवापर्यंत. पावलं सोपी असतात, मधे घुसलं तरी कोणी काही म्हणत नाही, साखळी तुम्हाला ओढून नेते.

परतीचा शनिवार

घर दहा वाजता सोडायचं असतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच निम्मी आवराआवर करा. काचेच्या बाटल्या गावच्या काचपेटीत, फ्रिज रिकामा, कचरा बाहेर. मालकाबरोबर यादी पुन्हा ताडून घ्या आणि अनामत परत मिळण्याची तारीख लेखी घ्या. गाडी परत करण्याआधी टाकी भरा. शनिवारी सुपरमार्केटच्या पंपावर रांग असते, अर्धा तास धरून चाला. विमान त्याच दिवशीचं नको. शनिवारी पॅरिसकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब असतात, तेव्हा परतीचं रेल्वे तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढून ठेवा.